पर्लच्या सर्व्हरवर फॉर्ममधली व्हॅल्यू नेमकी हरवते कुठे?

फॉर्ममध्ये ‘गाव’ या रकान्यात ‘पुणे’ लिहिलं, बटण दाबलं, आणि सर्व्हरकडे बघितलं तर व्हेरिएबल रिकामं. कधी रिकामं नसतं, पण त्यात भलतीच अक्षरं असतात. कधी तीन पर्याय निवडलेले असतात आणि एकच पोचतो. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत नव्यानं काम करणारे अशा वेळी थेट आपल्या कोडमध्ये शिरतात आणि एकेक ओळ बदलून बघत बसतात. मीही कित्येक तास असेच घालवले आहेत. पुढे कळलं की व्हॅल्यू ब्राउझरपासून आपल्या व्हेरिएबलपर्यंत पाच-सहा टप्पे पार करून येते. ती कोणत्या टप्प्यापर्यंत धड होती हे आधी ठरवलं, तर उरलेलं काम बहुतेक वेळा पाच मिनिटांचं असतं.

या लेखात मुख्य उदाहरण प्लॅक::रिक्वेस्ट या, सर्व्हरवर आलेली विनंती वाचून देणाऱ्या मॉड्यूलचं आहे. सोबत त्याच कामाचं जुनं मॉड्यूल सीजीआय डॉट पीएम आहे, कारण जुनं कोड हाती आलं की त्यात हेच सापडतं. मोजोलिशियस (वेब फ्रेमवर्क) आणि एचटीटीपी::डीमन (छोटा सर्व्हर लिहिण्याचं मॉड्यूल) यांचा उल्लेख त्यांचं वागणं वेगळं आहे तिथेच केला आहे. फंक्शनांची आणि आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

सुरुवातीलाच एक खुलासा. लिंकन स्टाइन यांनी लिहिलेलं सीजीआय डॉट पीएम १९९७ मध्ये पर्ल ५.००४ बरोबर मूळ संचात आलं आणि २०१५ मध्ये पर्ल ५.२२ मधून काढलं गेलं. त्यामुळे जुन्या मशीनवर चालणारी स्क्रिप्ट नव्या मशीनवर ‘मॉड्यूल सापडत नाही’ म्हणून थांबली, तर तो पॅरामीटरचा प्रश्न नाही. सीपॅनवरून, म्हणजे पर्लच्या मॉड्यूलांच्या ऑनलाइन भांडारातून, मॉड्यूल बसवा आणि पुढे चला.

पायरी १: ब्राउझरनं काय पाठवलं?

एफ१२ दाबा, ‘नेटवर्क’ टॅब उघडा, ‘प्रिझर्व्ह लॉग’वर खूण करा आणि मग फॉर्म पाठवा. ही खूण महत्त्वाची आहे. ती नसेल तर नवीन पान उघडताच आधीच्या विनंत्यांची यादी पुसली जाते. यादीतल्या पहिल्या विनंतीवर क्लिक करून ‘पेलोड’ बघा. तुमचा रकाना तिथे नसेल, तर पर्लचा काहीही दोष नाही. एचटीएमएलमध्ये बघा.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे रकान्याला आयडी आहे, पण नेम नाही. ब्राउझर फक्त नेमवर चालतो, आयडी पाठवत नाही. दुसरं कारण डिसेबल्ड केलेला रकाना. तो पाठवलाच जात नाही. व्हॅल्यू दिसावी पण बदलता येऊ नये असं हवं असेल तर रीडओन्ली वापरा. खूण न केलेला चेकबॉक्सही पाठवला जात नाही. तो रिकामा येत नाही, येतच नाही, आणि हा फरक पुढे हॅशच्या (की-व्हॅल्यूच्या जोड्या ठेवणाऱ्या व्हेरिएबलच्या) ठिकाणी आपल्याला नडणार आहे. सबमिट बटणांपैकी ज्यावर क्लिक केलं त्याचंच नाव जातं.

यादीत पहिल्या विनंतीसमोर ३०१ किंवा ३०२ दिसतोय का, तेही बघा. पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ राहिली म्हणून किंवा एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर नेण्यासाठी सर्व्हर ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठवतो. अशा वेळी ब्राउझर पोस्टची (डेटा बॉडीत, म्हणजे विनंतीच्या आतल्या मजकुरात, नेणारी) गेट (डेटा पत्त्यात नेणारी) विनंती करतो आणि बॉडी टाकून देतो. तुमचं कोड त्यानंतर चालतं, म्हणून त्याला सगळंच रिकामं दिसतं. फॉर्मच्या ॲक्शनमध्ये शेवटचा, पक्का पत्ता लिहिला की हे थांबतं. सर्व्हरवरचं वळवणं टाळता येत नसेल तर ३०७ किंवा ३०८ वापरा. त्यात पद्धत आणि बॉडी दोन्ही टिकतात.

पायरी २: ब्राउझर बाजूला ठेवा

आता तीच विनंती टर्मिनलवरून कर्ल या आज्ञेनं पाठवा. पानावरची जावास्क्रिप्ट, कुकी, कॅश हे सगळं मधून निघून जातं आणि तीच विनंती हवी तितक्या वेळा पाठवता येते. लहान डीचा पर्याय साधा फॉर्म पाठवतो, मोठ्या एफचा पर्याय फाइल अपलोडसाठीचा मल्टिपार्ट फॉर्म पाठवतो.

इथे दोन सापळे आहेत. पत्त्यात & असेल आणि तो पत्ता अवतरणचिन्हांत नसेल, तर शेल त्या & चा अर्थ ‘ही आज्ञा पार्श्वभूमीला चालव’ असा घेतो आणि पहिल्या पॅरामीटरनंतरचं सगळं कापलं जातं. मग दुसरा पॅरामीटर पर्लला का मिळत नाही म्हणून माणूस डोकं धरून बसतो. दुसरा सापळा + चा. या प्रकारच्या फॉर्ममध्ये + म्हणजे मोकळी जागा. लहान डीनं +९१ नं सुरू होणारा फोन नंबर पाठवलात, तर सर्व्हरवर + च्या जागी नुसती मोकळी जागा येते. ब्राउझर स्वतः + चं योग्य रूपांतर करतो, लहान डी करत नाही. ‘डेटा-यूआरएलएन्कोड’ हा पर्याय वापरला की प्रश्न मिटतो. जावास्क्रिप्टमध्ये हातानं तुकडे जोडून पत्ता बनवणाऱ्यांनाही हीच अडचण येते.

पायरी ३: सर्व्हरच्या उंबऱ्यावर काय आलं?

यासाठी दहा ओळींचा एक वेगळा प्रोग्रॅम लिहून कायमचा जवळ ठेवा. प्लॅकअप या प्लॅकच्या आज्ञेनं तो चालवला की ५००० क्रमांकाच्या पोर्टवर उभा राहतो. त्यानं एवढंच छापायचं: विनंतीची पद्धत, कंटेंट-टाइप, कंटेंट-लेंग्थ, क्वेरी-स्ट्रिंग आणि बॉडी जशी आली तशी. प्लॅक::रिक्वेस्टमध्ये ही कच्ची बॉडी ‘कंटेंट’ या मेथडनं मिळते. फॉर्मची ॲक्शन तात्पुरती या प्रोग्रॅमकडे वळवा.

बॉडीत तुमची व्हॅल्यू दिसते, पण पॅरामीटरमध्ये येत नाही? मग आधी कंटेंट-टाइपकडे बघा. लायब्ररी बॉडीचे तुकडे त्या हेडरवरून करते. प्लॅक::रिक्वेस्ट यूआरएलएन्कोडेड (साधा फॉर्म) आणि मल्टिपार्ट हे दोन प्रकार उलगडतं. आजकालची पानं जावास्क्रिप्टचं फेच वापरून जेसन या साच्यात डेटा पाठवतात, आणि जेसनच्या बॉडीतून ‘बॉडी_पॅरामीटर्स’मध्ये काहीही येत नाही. ती बिघाडाची खूण नाही, लायब्ररी ठरल्याप्रमाणे वागते आहे. कच्ची बॉडी घ्या आणि जेसनच्या मॉड्यूलनं स्वतः उलगडा. मोजोलिशियसमध्ये विनंतीवर त्यासाठी ‘जेसन’ नावाची मेथडच आहे. सीजीआय डॉट पीएम अशी पोस्ट बॉडी ‘पोस्टडेटा’ नावाच्या, सगळी अक्षरं कॅपिटल असलेल्या पॅरामीटरमध्ये अख्खी ठेवून देतं.

फाइलचा रकाना आहे, पण फॉर्मला मल्टिपार्ट एनकटाइप दिलेला नाही, असंही होतं. तेव्हा फाइल येत नाही, फक्त तिचं नाव साध्या मजकुरासारखं येतं. एनकटाइप बरोबर असेल आणि तरी प्लॅकच्या पॅरामीटर्समध्ये फाइल दिसत नसेल, तर ‘अपलोड्स’मध्ये बघा, प्लॅक फायली तिथे वेगळ्या ठेवतं.

लहान फाइल पोचते आणि मोठी नाही? मग मर्यादा तपासा. समोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची बॉडीची मूळ मर्यादा १ मेगाबाइट आहे आणि त्यापुढे तो ४१३ देऊन विनंती परत पाठवतो. मोजोलिशियसची मूळ मर्यादा १६ मेगाबाइट. सीजीआय डॉट पीएममध्ये कोणी ‘पोस्ट_मॅक्स’ लावून ठेवलं असेल, तर ती ओलांडल्यावर प्रोग्रॅम थांबत नाही, पॅरामीटर मात्र रिकामे येतात. कारण ‘सीजीआय_एरर’ विचारल्यावरच कळतं, आणि ते विचारणारं कोड मी फार कमी ठिकाणी पाहिलं आहे. तुम्ही मात्र विचारा.

जुन्या सीजीआय स्क्रिप्टमध्ये आणखी एक तपासा: सीजीआयचं ऑब्जेक्ट बनण्याआधी कोणी एसटीडीइनमधून (प्रोग्रॅमला बाहेरून मजकूर मिळतो त्या प्रवाहातून) बॉडी वाचून टाकली आहे का? बॉडी एकदाच वाचता येते. आधी कोणी वाचली असेल तर सीजीआयला काही उरत नाही.

पायरी ४: पत्त्यातून आलं की बॉडीतून?

फॉर्म पोस्टचा आहे, पण ॲक्शनच्या पत्त्यातच प्रश्नचिन्हानंतर एक आयडी जोडलेला आहे, अशी रचना तुम्ही पाहिली असेल. सीजीआय डॉट पीएमचं ‘पॅराम’ पोस्ट विनंतीत फक्त बॉडीकडे बघतं. पत्त्यातला आयडी हवा असेल तर ‘यूआरएल_पॅराम’ विचारावं लागतं. प्लॅकमध्ये ‘क्वेरी_पॅरामीटर्स’ आणि ‘बॉडी_पॅरामीटर्स’ वेगळे आहेत, आणि ‘पॅरामीटर्स’मध्ये आधी पत्त्यातले, मग बॉडीतले असे दोन्ही एकत्र येतात. नाव दोन्हीकडे सारखं असेल तर शेवटचं, म्हणजे बॉडीतलं, हाती लागतं. मोजोलिशियसच्या ‘पॅराम’मध्ये तर रूटमधले (पत्त्याच्या ठरवलेल्या साच्यातले) प्लेसहोल्डरही मिसळलेले असतात. रूटमध्येही आयडी आणि फॉर्ममध्येही आयडी असेल, तर रूटमधला मिळतो.

माझा सल्ला स्पष्ट आहे. नवीन कोड लिहिताना एकत्र केलेला पर्याय वापरू नका. व्हॅल्यू कुठून यायला हवी हे तुम्हाला माहीत असतं, मग तिथूनच घ्या. सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्यालाही ते एका नजरेत कळतं.

एचटीटीपी::डीमन वापरत असाल तर ‘पॅराम’ नावाची मेथडच नाही. तिथे विनंतीच्या यूआरआयवर ‘क्वेरी_फॉर्म’ म्हणायचं. पोस्टची यूआरएलएन्कोडेड बॉडीही त्याच साच्यात असते, म्हणून ती एका कोऱ्या यूआरआय ऑब्जेक्टच्या क्वेरीत भरून तसंच म्हणायचं. पण ‘क्वेरी_फॉर्म’ नाव-व्हॅल्यू, नाव-व्हॅल्यू अशी सपाट यादी देतं. ती थेट हॅशमध्ये ओतली की एकाच नावाच्या अनेक व्हॅल्यूंपैकी शेवटचीच उरते.

पायरी ५: एक नाव, अनेक व्हॅल्यू

एका शिबिराच्या नोंदणीचा फॉर्म माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. कोणत्या दिवशी येणार यासाठी चेकबॉक्स होते, सगळ्यांचं नाव ‘दिवस’. लोकांनी तीन-तीन दिवस निवडले आणि नोंदीत प्रत्येकाचा एकच दिवस. ब्राउझरनं तिन्ही पाठवले होते, बॉडीत तिन्ही होते. कोडमध्ये मात्र ‘गेट’ लिहिलेलं. प्लॅकचं ‘गेट’ शेवटची व्हॅल्यू देतं, सगळ्या हव्या असतील तर ‘गेट_ऑल’. मोजोलिशियसमध्ये ‘पॅराम’ शेवटची देतं, ‘एव्हरी_पॅराम’ सगळ्या. सीजीआय डॉट पीएमचं ‘पॅराम’ स्केलर कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे एकच व्हॅल्यू अपेक्षित असते तिथे, पहिली देतं, सगळ्यांसाठी ‘मल्टी_पॅराम’ आहे. कोणती लायब्ररी पहिली देते आणि कोणती शेवटची, हे जुनं कोड सीजीआयवरून प्लॅकवर हलवताना हमखास विसरलं जातं.

इथवर नुकसान होतं ते एका दिवसाच्या नोंदीचं. पुढचा मुद्दा सुरक्षेचा आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

पर्लमध्ये फंक्शन कुठे लिहिलंय त्यावरून ते एक व्हॅल्यू देणार की यादी, हे ठरतं. सीजीआय डॉट पीएमचं ‘पॅराम’ लिस्ट कॉन्टेक्स्टमध्ये त्या नावाच्या सगळ्या व्हॅल्यू परत करतं. हॅशचा कंस म्हणजे लिस्ट कॉन्टेक्स्ट. आता ही ओळ बघा:

%सभासद = ( भूमिका => 'साधा', नाव => $क्यू->पॅराम('नाव') );

दिसायला निरुपद्रवी. पण कोणी पत्त्यात मुद्दाम असं लिहिलं तर?

?नाव=अनिता&नाव=भूमिका&नाव=प्रशासक

‘पॅराम’ तीन व्हॅल्यू देतं. कंसातली यादी होते: भूमिका, साधा, नाव, अनिता, भूमिका, प्रशासक. हॅशमध्ये नंतरची जोडी आधीच्या जोडीवर चढते, आणि साधा सभासद प्रशासक होऊन बसतो. हे कल्पनेतलं उदाहरण वाटेल, पण ऑक्टोबर २०१४ मध्ये बगझिला या प्रसिद्ध बग-नोंदणी प्रणालीत याच प्रकारची त्रुटी उघड झाली. खातं उघडताना खऱ्या नावाच्या पॅरामीटरच्या जास्तीच्या व्हॅल्यू पाठवून, आपल्या मालकीचा नसलेला ईमेल पत्ता खात्याला लावता येत होता. त्याच महिन्यात सीजीआय डॉट पीएममध्ये ‘पॅराम’ लिस्ट कॉन्टेक्स्टमध्ये वापरल्यास इशारा देण्याची सोय आली. तुमच्या एरर लॉगमध्ये तसा इशारा येत असेल, तर तो बंद करण्याचं स्विच शोधू नका. त्या ओळीवर जा आणि ‘पॅराम’च्या आधी ‘स्केलर’ लिहा.

रिकामा चेकबॉक्स नडतो तोही इथेच. पॅरामीटर आलाच नसेल तर लिस्ट कॉन्टेक्स्टमध्ये ‘पॅराम’ रिकामी यादी देतं, अनडेफ (पर्लमधली ‘व्हॅल्यूच नाही’ अशी खूण) नाही. मग ‘नाव’ आणि ‘गाव’ असे दोन रकाने कंसात ओळीनं घेतले आणि नाव आलं नाही, तर सगळं एक घर सरकतं: नाव या कीची व्हॅल्यू ‘गाव’ होते आणि ‘पुणे’ ही एक नवीच की तयार होते. लॉगमध्ये ‘ऑड नंबर ऑफ एलिमेंट्स इन हॅश असाइनमेंट’ दिसलं की हेच झालेलं असण्याची दाट शक्यता आहे. प्लॅक::रिक्वेस्टमध्येही जुन्या सवयीच्या लोकांसाठी ‘पॅराम’ ठेवलेलं आहे आणि तेही असंच वागतं. ते वापरू नका, ‘गेट’ कुठेही लिहिलं तरी एकच व्हॅल्यू देतं.

पायरी ६: देवनागरी अक्षरं

मराठीत फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाशी याचा संबंध आहे, आणि इंग्रजी फॉर्मवर चाचणी घेणाऱ्याला हा प्रश्न कधी दिसतच नाही. म्हणून चाचणीत पहिल्या दिवसापासून मराठी शब्द वापरा.

माझा शब्द ठरलेला आहे: पुणे. पर्लच्या हिशेबानं त्यात प, उकार, ण, मात्रा अशी ४ अक्षरचिन्हं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे १२ बाइट. आता तुमच्या व्हेरिएबलची ‘लेंग्थ’ छापा.

४ आलं तर मजकूर नीट डीकोड झालेला आहे.

१२ आलं तर तुमच्या हातात अजून कच्चे बाइट आहेत. प्लॅक::रिक्वेस्टमध्ये हे अपेक्षितच आहे, ते डीकोड करत नाही. एन्कोड मॉड्यूलचं ‘डीकोड’ तुम्हाला करावं लागतं, विनंती आत आल्याबरोबर, एकाच ठिकाणी. सीजीआय डॉट पीएममध्ये मॉड्यूल घेताना ‘-यूटीएफ८’ लिहिलं की ते काम होतं. मोजोलिशियस आपणहून करतं.

२४ आलं तर दोनदा एन्कोड झालंय. कच्च्या बाइटना कोणीतरी अक्षरं समजून पुन्हा एन्कोड केलं. पडद्यावर पुण्याऐवजी टोपी-टिंब लावलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसते ती यामुळेच. उलटी चूकही होते: मोजोलिशियसनं आधीच डीकोड केलेलं पुन्हा डीकोड करायला गेलात तर एन्कोड मॉड्यूल ‘वाइड कॅरेक्टर’ची तक्रार करून थांबतं.

बाहेर पाठवताना उलट क्रम. प्लॅकला उत्तराची बॉडी बाइटमध्येच लागते, म्हणून एन्कोड करून द्या. आणि ‘यूझ यूटीएफ८’ ही ओळ सगळ्यावर उपाय आहे असं समजू नका. ती फक्त तुमच्या सोर्स फाइलमध्ये लिहिलेल्या अक्षरांबद्दल पर्लला सांगते, फॉर्ममधून येणाऱ्या मजकुराशी तिचा संबंध नाही.

डेटाबेसमध्ये ‘प’च्या जागी &, #, २३४६ असा अंक आणि अर्धविराम दिसला, तर दोष पानाच्या एन्कोडिंगचा आहे. पान यूटीएफ-८ नाही असं ब्राउझरला वाटलं, देवनागरी पाठवता येईना, म्हणून त्यानं अक्षरांचे क्रमांक पाठवले. पानाच्या हेडरमध्ये आणि मेटा टॅगमध्ये यूटीएफ-८ घाला.

डीकोड नीट झाल्यावर एक नवीनच गोष्ट घडते. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला ‘अंक’ म्हणजे बॅकस्लॅश-डी. तो आता देवनागरी अंकांनाही अंक मानतो, आणि युनिकोडच्या नियमानं ते बरोबरच आहे. कोणी वयाच्या रकान्यात ‘२५’ असं मराठीत लिहिलं तर तपासणी पास होते, पण बेरीज करताना पर्लला त्या मजकुराची किंमत ० मिळते. ‘अंक इंग्रजीत लिहा’ असं वापरणाऱ्याला दटावण्यापेक्षा सर्व्हरवर ‘टीआर’नं शून्य ते नऊ बदलून घेणं मला जास्त माणुसकीचं वाटतं. एका ओळीचं काम आहे.

तसंच ‘दऱ्या’ किंवा ‘सुऱ्या’सारखे शब्द. हा अर्धा र काही कीबोर्ड ‘ऱ’ वापरून लिहितात, काही साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे, पर्लला वेगळे. नाव शोधून सापडत नाही अशी तक्रार आली तर दोन्ही मजकूर डेटा::डंपरनं छापून शेजारी ठेवा. डीकोड झालेल्या मजकुराचे अक्षर-क्रमांक त्यात उघड दिसतात.

पायरी ७: व्हॅल्यू आली, पण कोडनं टाकून दिली

पर्लमध्ये रिकामा मजकूर आणि ‘०’ हे दोन्ही खोटे मानले जातात. ‘संख्या नसेल तर १ घे’ यासाठी दोन उभ्या रेघा वापरल्या तर वापरणाऱ्यानं मुद्दाम भरलेलं ० बदलून १ होतं. पर्ल ५.१० पासून दोन तिरक्या रेघांचा ऑपरेटर आहे, तो फक्त अनडेफ असतानाच पर्याय घेतो. तोच वापरा. आणि मोठ्या मजकुराच्या रकान्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी ब्राउझर दोन चिन्हं पाठवतो, कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन. ‘चॉम्प’ त्यातलं एकच काढतं. ओळींची तुलना जुळत नसेल तर आधी हे बघा.

आधीच्या माणसाचा मजकूर पुढच्याला दिसतो

हे कधीतरीच घडतं, पण घडलं की घाम फुटतो. साधी सीजीआय स्क्रिप्ट दर विनंतीला नव्यानं सुरू होते. एचटीटीपी::डीमनचा लूप, मॉड-पर्ल किंवा प्लॅकवरचा कोणताही सर्व्हर यांत मात्र तीच प्रोसेस शेकडो विनंत्या हाताळते. फाइलच्या वरच्या पातळीवर ठेवलेलं व्हेरिएबल मागच्या विनंतीतली व्हॅल्यू घेऊन तसंच राहतं. सीजीआय डॉट पीएम तर पॅरामीटर स्वतःच्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये जपून ठेवतं, म्हणून स्वतःच्या लूपमध्ये ते वापरत असाल तर प्रत्येक विनंतीआधी ‘इनिशियलाइझ_ग्लोबल्स’ बोलवा. बाकी सगळीकडे विनंतीशी संबंधित व्हेरिएबल हँडलरच्या आत ‘माय’नं घोषित करा आणि खालच्या फंक्शनांना हातात द्या. पडताळायचं असेल तर एकच वर्कर ठेवून सर्व्हर चालवा. पहिल्या विनंतीत ‘गाव’ पाठवा, दुसरीत पाठवू नका. दुसरीतही पुणे दिसलं, तर गळती सापडली.

चूक दुरुस्त झाली की तिची चाचणी त्याच दिवशी लिहा, आठवण ताजी असताना. प्लॅक::टेस्ट आणि एचटीटीपी::रिक्वेस्ट::कॉमन मिळून सर्व्हर उभा न करताही फॉर्म पाठवता येतो. माझ्या प्रत्येक प्रकल्पात या चार चाचण्या असतात: ‘पुणे’ पाठवून लांबी ४ येते का, तीन ‘दिवस’ पाठवून तिन्ही नोंदले जातात का, दोनदा ‘नाव’ पाठवून भूमिका बदलत तर नाही ना, आणि संख्येच्या रकान्यात ० भरल्यावर ० च राहतं का.